आधी सरळ, मग सारखी

हौसेला मोल नसते म्हणतात. हौसेपायी घेतलेल्या यंत्राला मात्र ते असते. आणि यंत्र सुतारकामाचे असेल तर पैशांखेरीज जागा, शेजाऱ्यांची शांतता आणि प्रसंगी हाताची बोटेही हिशेबात धरावी लागतात. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये करवत-पटाशी घेऊन रमणाऱ्या मंडळींपैकी मी एक. आमच्यात एक प्रश्न हमखास निघतो. करवत झाली, ड्रिल झाले. आता रंध्याचे मशीन घ्यावे काय? आणि घ्यायचे तर कोणते?

प्लायवूडवर काम करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. ते कारखान्यातून सपाट आणि ठरावीक जाडीचे होऊनच येते. अडचण खऱ्या लाकडाची. पुण्यात जुने वाडे उतरवले गेले, तसे तुळयांचे नि कडीपाटांचे सागवान जुन्या लाकडाच्या दुकानांत येत राहिले. लाकूड उत्तम, पण फळी हातात घ्यावी तर एका टोकाला दीड इंच, दुसऱ्या टोकाला दोन सूत कमी, मधोमध पोक आणि वर पीळ! हातरंध्याने ती नीट करता येते. आपल्याकडचे सुतार पिढ्यान् पिढ्या तेच करत आले. पण एका टेबलाच्या फळ्या हाताने रंधायच्या, तर साठीनंतरच्या खांद्याला आठवडाही पुरत नाही.

बाजारात सगळ्याच यंत्रांना सरसकट ‘प्लेनर’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. खरे तर कामे दोन आहेत. पहिले काम फळीची एक बाजू सपाट आणि एक कड तिच्याशी काटकोनात करण्याचे. त्या यंत्राला दोन टेबले असतात आणि त्यांच्यामध्ये पाती बसवलेला रूळ फिरतो. मागचे टेबल पात्यांच्या उंचीला, पुढचे किंचित खाली. जेवढे खाली, तेवढे लाकूड निघते. दुसरे काम थिकनेसरचे. यात रूळ वर असतो, फळी खालून जाते आणि वरची बाजू खालच्या बाजूला समांतर होते.

आता गंमत पाहा. थिकनेसर फळी आत ओढताना रबरी वा लोखंडी रोलरने तिला दाबून धरतो. दाबाखाली पातळ, वाकडी फळी तात्पुरती सरळ होते, रंधली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा वाकते. पिळलेली फळी घातली, तर सगळीकडे सारख्या जाडीची पिळलेली फळीच हाती येते! वखारीजवळचे एक म्हातारे मिस्त्री मला म्हणाले, ‘‘काका, आधी सरळ, मग सारखी. उलटं केलंत तर लाकूडही गेलं नि पैसेही.’’ यंत्राच्या निवडीचे सारे शास्त्र या चार शब्दांत आहे.

हे यंत्र मुळात कारखान्याचे. अमेरिकेत विल्यम वुडवर्थने १८२८ साली फळ्या रंधणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८५६पर्यंत टिकलेल्या त्या पेटंटाच्या जोरावर हक्कदारांनी गिरण्यांकडून पैसे वसूल केले. दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवावा असा थिकनेसर जपानी कंपन्यांनी आणला, तो १९८०च्या दशकात. तेव्हापासून हौशी माणसापुढे तीन वाटा आहेत. पहिली, नुसता छोटा थिकनेसर घ्यायचा आणि पहिली बाजू हातरंध्याने सपाट करायची. दुसरी, दोन स्वतंत्र यंत्रे. काम झकास, पण जागा दुप्पट. तिसरी, दोन्ही कामे एकाच रुळावर करणारे जोडयंत्र. यात काम बदलताना टेबले उचलावी लागतात. म्हणून सगळ्या फळ्या आधी सपाट करून घ्यायच्या, मग सगळ्या एका जाडीला आणायच्या.

दुकानात गेल्यावर आपण आधी हॉर्सपॉवर विचारतो. पहिल्यांदा पाहावी ती टेबलाची लांबी. साधारणपणे टेबलाच्या दुपटीपर्यंतची फळी नीट सरळ करता येते. म्हणजे मीटरभर टेबलावर दोन मीटरची. सोबत लोखंडी सरळपट्टी आणि गुण्या न्यावा. दोन्ही टेबले एका पातळीत आहेत का आणि बाजूची आडपट्टी काटकोनात घट्ट राहते का, हे तिथेच तपासावे. विक्रेत्याने नाक मुरडले तर मुरडू द्यावे.

मग मोटर. कार्बन ब्रशची मोटर हलकी आणि वेगवान, पण आवाज घरातल्या मिक्सरच्या कुळातला, त्याहून कितीतरी मोठा. इंडक्शन मोटर जड, तुलनेने शांत आणि दीर्घायुषी. दीड-दोन हॉर्सपॉवरचे यंत्र घरच्या सिंगल फेजवर मोठ्या सॉकेटला चालते. इंडक्शन मोटर सुरू होताना मात्र काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, म्हणून वायरिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवावे. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. तेव्हा जादा पाती सहज मिळतात का, हेही विचारावे. जुन्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात. चांगले लोहचुंबक फिरवल्याशिवाय अशी फळी पात्याखाली घालू नये.

बोटांबद्दल आता. ज्या मिस्त्रींचे शब्द वर दिले, त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे पेरापासून नाहीत. मिनिटाला पाच हजार फेरे घेणारा तीन पात्यांचा रूळ सेकंदाला अडीचशे घाव घालतो. हात मागे घेण्याइतका अवधी तो देत नाही. आपल्याकडे करवत, रंधा, ड्रिल असे सगळे एकाच सांगाड्यावर बसवलेली स्वस्त यंत्रे मिळतात. त्यांतल्या अनेकांच्या रुळावर झाकणच नसते. रुळावर झाकण नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फूटभरापेक्षा आखूड तुकडा टेबलावर रंधू नये आणि फळी ढकलायला लाकडी ठोकळे वापरावेत.

भुशाचेही तसेच. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केले. रंध्याच्या ढलप्यांनी घरातला व्हॅक्यूम क्लीनर दहा मिनिटांत तुंबतो. चार इंची नळीच्या धूळखेचक यंत्राचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. त्याची सोय नसेल आणि वर्षाकाठी दोन-चारच वस्तू करायच्या असतील, तर वखारीत पैसे देऊन फळ्या रंधून आणणे शहाणपणाचे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तर तेच करावे.

मी स्वतः दहा इंची जोडयंत्र निवडले : बिडाची टेबले, इंडक्शन मोटर, रुळावर सरकते झाकण. अर्ध्या किमतीत बारा इंची थिकनेसर मिळत होता. पण माझ्या फळ्या सहसा आठ-नऊ इंचांपलीकडे जात नाहीत, आणि त्या सरळ करण्याचा प्रश्न तसाच उरला असता. पावसाळ्यात बिडाला गंज चढू नये म्हणून टेबलांना मेण चोळतो. फळी एका दमात अखेरच्या जाडीला आणत नाही. सूतभर राखून आठवडाभर टेकवून ठेवतो. आतला ताण सुटून तिला जे वाकायचे ते वाकून घेते, मग शेवटचा हात फिरवतो.

ज्यांना यंत्र घ्यायचे आहे, त्यांनी आधी एक वाकडी फळी हातरंध्याने सरळ करून पाहावी. चार दिवस जातील, खांदा दुखेल. पण पोक कुठे, पीळ कुठे हे डोळ्याला कळू लागेल आणि दुकानात कोणते प्रश्न विचारायचे तेही आपोआप सुचेल.