बेडूक तरंगला आणि बक्षीस मिळालं!

शी चौकोनी असू शकते का? सापशिडीच्या फाशासारखी, अगदी कडा आणि कोपऱ्यांसकट?

थांबा, नाकं मुरडू नका! हा प्रश्न घेऊन अमेरिकेतले आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ चक्क प्रयोगशाळेत बसले होते. उत्तर शोधून काढल्याबद्दल २०१९ साली त्यांना बक्षीससुद्धा मिळालं. बक्षिसाचं नाव, इग नोबेल.

नोबेल तुम्हाला ठाऊक आहेच. रवींद्रनाथ टागोरांना मिळालं, सी. व्ही. रामन यांना मिळालं. इग नोबेल ही त्याची खट्याळ नक्कल. मार्क अब्राहम्स नावाच्या एका अमेरिकन संपादकांनी १९९१ साली ती सुरू केली. अट मोठी मजेदार आहे. संशोधन ऐकल्यावर आधी खुदकन हसू यायला हवं आणि हसून झालं की डोकं खाजवायला हवं. नुसतं हसू आलं, तर बक्षीस नाही.

तर, चौकोनी शी करतो तो वॉम्बॅट. ऑस्ट्रेलियातला गुबगुबीत, बिळं खणणारा प्राणी. कांगारूसारखी त्याच्या मादीलाही पोटाला पिशवी असते, पण ती मागच्या बाजूला उघडते. म्हणजे आई पुढच्या पायांनी भराभर माती उकरत असली, तरी पिशवीतल्या पिल्लाच्या डोळ्यांत धूळ जात नाही. आहे की नाही हुशारी?

हा वॉम्बॅट एका रात्रीत ऐंशी ते शंभर चौकोनी लेंड्या टाकतो. मग त्याचं आतडं चौकोनी असतं का? लोकांना बरीच वर्षं असंच काहीबाही वाटत होतं. पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि त्यांच्या सोबत्यांनी गाड्यांखाली सापडून मेलेल्या वॉम्बॅटची आतडी मिळवली आणि त्यांत लांबलचक फुगा घालून फुगवला. आतडं निघालं गोलच, तुमच्या-आमच्यासारखं! पण त्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नव्हती. काही पट्टे ताठ, काही पट्टे सैल. आतडं आवळलं जातं तेव्हा ताठ भाग पटकन आवळतो आणि सैल भाग रेंगाळतो. असं हजारो वेळा होतं, आणि आतला ऐवज हळूहळू सुकत, दबत जातो. आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात पोचेपर्यंत त्याला छान कोपरे फुटलेले असतात.

आता हसून झालं असेल तर डोकं खाजवा. चौकोनी वस्तू बनवायची तर आपल्याकडे दोनच युक्त्या आहेत. साच्यात घालायची (वीट), नाहीतर कापायची (बर्फी). मऊ, गोल नळीतून चौकोन बाहेर काढायची तिसरी युक्ती कुठल्याही कारखान्यात नव्हती. ती वॉम्बॅटच्या पोटात होती.

हेच डेव्हिड हू आणि पॅट्रिशिया यांग याआधी २०१५ सालीही इग नोबेल घेऊन गेले होते. विषय होता... सांगू का? शू! हू आपल्या बाळाचा लंगोट बदलत असताना बाळाने कार्यक्रम उरकला आणि बाबांच्या डोक्यात प्रश्न आला, हत्तीला किती वेळ लागत असेल? मंडळी निघाली प्राणिसंग्रहालयात, व्हिडिओ काढले, सेकंद मोजले. तीन किलोपेक्षा जड असलेल्या जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांना साधारण एकवीस सेकंद लागतात. काहींना थोडे कमी, काहींना थोडे जास्त. शेळी असो की हत्ती! हत्तीचं मूत्राशय शेळीच्या मानाने केवढं तरी मोठं असतं, तरीही. कारण हत्तीची मूत्रनलिका रुंद असते आणि लांबही. उभ्या नळीत पाण्याचा स्तंभ जितका उंच, तितका खालचा जोर जास्त. म्हणून एवढी मोठी टाकीसुद्धा तेवढ्याच वेळात रिकामी होते. गावाकडे गेलात तर गोठ्यात घड्याळ लावून बघा. म्हैस काही रागावणार नाही.

आता बेडकाकडे या. माझा सगळ्यात लाडका किस्सा हाच आहे.

नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरात एक प्रचंड ताकदीचा विद्युतचुंबक होता. आंद्रे गाइम नावाचे शास्त्रज्ञ तिथे काम करत. शुक्रवारी संध्याकाळी ठरलेलं काम बाजूला ठेवायचं आणि मनात येईल तो उद्योग करून बघायचा, अशी त्यांना सवय होती. एका शुक्रवारी त्यांनी त्या महागड्या चुंबकाच्या पोकळीत सरळ पाणी ओतलं. (हे घरी कुठल्याही यंत्रावर करायचं नाही हं!) पाणी खाली पडलंच नाही. त्याचे गोळे होऊन ते हवेत डुलत राहिले.

चुंबक लोखंडाला ओढतो हे आपण शिकतो. पण पाण्याला तो अगदी किंचित, न जाणवण्याइतका, दूर ढकलतो, हे सहसा कुणी सांगत नाही. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाने हे कधीच दिसणार नाही. गाइम यांच्या चुंबकाचं बळ होतं सुमारे १६ टेस्ला, म्हणजे फ्रिजवरच्या चुंबकाच्या हजारपटीहूनही जास्त. एवढा जोर असला की ते किंचित ढकलणं पृथ्वीच्या ओढीला पुरून उरतं. आणि ज्या-ज्या गोष्टीत भरपूर पाणी आहे, ती तरंगू शकते. स्ट्रॉबेरी तरंगली. छोटा टोमॅटो तरंगला. मग १९९७ साली एक चिमुकला जिवंत बेडूक तरंगला! हवेत पाय हलवत, जरासा गोंधळून. नंतर तो सुखरूप आपल्या भाऊबंदांत परत गेला.

या बेडकासाठी गाइम आणि त्यांचे सहसंशोधक मायकेल बेरी यांना २००० सालचं इग नोबेल मिळालं. काही शास्त्रज्ञांना असलं बक्षीस घ्यायची लाज वाटते. गाइम यांना नाही वाटली. उलट पुढच्याच वर्षी त्यांनी एका शोधनिबंधावर सहलेखक म्हणून आपल्या पाळीव हॅम्स्टरचं नाव छापलं. टिशा तिचं नाव!

पुढे हेच गाइम इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गेले. तिथे कॉन्स्टन्टिन नोवोसेलोव यांच्यासोबत त्यांनी ग्राफाइटच्या तुकड्यावर चिकटपट्टी लावायची आणि ओढून काढायची, असा खेळ मांडला. ग्राफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलच्या शिशातला काळा पदार्थ. पट्टीबरोबर पापुद्रे निघत गेले. पातळ, त्याहून पातळ, आणि शेवटी फक्त एका अणूच्या जाडीचा पापुद्रा हाती आला. तो ग्राफीन. २०१० साली त्याबद्दल दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, खरंखुरं, स्वीडनवालं. इग नोबेल आणि नोबेल, दोन्ही स्वतःच्या नावावर असलेला जगातला पहिला माणूस म्हणजे आंद्रे गाइम.

आपले लोकही मागे नाहीत बरं का! बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी शाळेतल्या दोनशे मुलांना विचारलं, नाकात बोट घालता का? जवळजवळ सगळे हो म्हणाले. दिवसातून साधारण चार वेळा! (तुम्ही नाही घालत? बरं बरं.) हे २००१ चं बक्षीस. केरळच्या दोन पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी २००२ साली ते पटकावलं, हत्तीच्या अंगावरच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ काढल्याबद्दल. सगळा हत्ती पट्टीने मोजत बसायला नको, त्याची उंची आणि पुढच्या पावलाचा घेर सूत्रात घातला की काम झालं. आणि २०२५ साली विकाश कुमार व सार्थक मित्तल यांनी बक्षीस आणलं ते वास मारणाऱ्या बुटांच्या अभ्यासाबद्दल! अतिनील प्रकाशाने दुर्गंधी पसरवणारे जिवाणू मारणारं बुटांचं कपाट त्यांनी सुचवलं. वसतिगृहात राहणाऱ्या कुणालाही विचारा, हे संशोधन किती गरजेचं आहे ते.

बूट आणि पाय निघालेच आहेत म्हणून सांगते. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या डासाला माणसाच्या पायांचा वास जितका आवडतो, तितकाच लिम्बर्गर नावाच्या एका घाणेरड्या वासाच्या चीजचाही आवडतो, असं दाखवणाऱ्यांना २००६ चं बक्षीस मिळालं. ते ऐकून लोक पोट धरून हसले. पण त्या चीजचा उपयोग डासांच्या सापळ्यात आमिष म्हणून करता आला. मलेरियाने दरवर्षी लाखो जीव जातात, म्हणून मला हे बक्षीस नोबेलच्याच तोलाचं वाटतं.

आणि डॉक्टर डोनाल्ड अंगर यांना विसरून कसं चालेल? बोटं कडाकडा मोडू नकोस, सांधे दुखतील, असं आई, मावशी, सगळ्या त्यांना बजावत. अंगरनी काय करावं? साठ वर्षांहून अधिक काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, रोज निदान दोनदा. उजव्या हाताची नाही मोडली. शेवटी दोन्ही हात तपासले, तर काही फरक नाही! २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, त्यामुळे पक्का पुरावा म्हणता येणार नाही. पण आईला दाखवायला कात्रण म्हणून उत्तम.

बक्षीस समारंभही काही कमी नाही. अनेक वर्षं तो हार्वर्ड विद्यापीठाच्या सँडर्स थिएटरमध्ये व्हायचा. प्रेक्षक मंचावर कागदी विमानं सोडतात, आणि तो कचरा झाडायला हातात झाडू घेऊन कोण उभं असायचं? प्राध्यापक रॉय ग्लॉबर. २००५ साली त्यांनाच भौतिकशास्त्राचं खरं नोबेल मिळालं! बक्षिसं द्यायला खरे नोबेलविजेते येतात. कुणी भाषण लांबवलं, तर आठ वर्षांची एक मुलगी पुढे येऊन म्हणत राहते, "कृपया थांबा, मला कंटाळा आलाय." पाहुणा थांबेपर्यंत तेच वाक्य. आपल्या स्नेहसंमेलनात अशी एक मुलगी हवीच, असं माझं ठाम मत आहे. बक्षिसाची रक्कम? अनेक वर्षं ती असायची दहा लाख कोटी डॉलर! फक्त ते झिम्बाब्वेचे जुने डॉलर असायचे आणि त्यांत आज गोळीसुद्धा येत नाही.

या बक्षिसासाठी जगातलं कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं. स्वतःचंसुद्धा. तेव्हा "काहीतरीच काय विचारतोस!" असं ज्यावर ऐकावं लागलं, तो प्रश्न आजच वहीत लिहून ठेवा आणि मोजायला लागा.