श्राद्ध झालेल्या माणसांचं बारसं

बेलापूरहून निघालेली मेट्रो तळोज्यात पेंधरला येऊन संपते. ११ किलोमीटर, ११ स्थानकं. १७ नोव्हेंबर २०२३ला ती सुरू झाली. शेवटच्या स्थानकाचा एक स्वभाव असतो. तिथे काही माणसं उतरतात, आणि काही नुसतीच येऊन पडतात. पुलाच्या एका खांबापाशी एक जण बरेच दिवस बसायचा. भर मे महिन्यात अंगात दोन शर्ट, वर गोधडी. एमआयडीसीकडे जाणारा एखादा ट्रकवाला बिस्किटांचा पुडा टाकायचा, टपरीवाला अर्धा चहा द्यायचा. सगळे त्याला ‘मामा’ म्हणत. एक दिवस मामा दिसला नाही आणि कुणी चौकशीही केली नाही. करणार कशी? नावच ठाऊक नव्हतं. रोज येता-जाता बघत होतो, पण विचारावं असं मलाही कधी सुचलं नव्हतं.

अशी माणसं आपल्याकडे रेल्वे आणून सोडते. तळोजे पंचनंद स्थानक दिवा–पनवेल मार्गावर, आणि पनवेल म्हणजे सगळ्या मार्गांची गाठ: कोकण, कर्जत, रोहा, दिवा. डोक्यात आवाज घुमू लागले, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटू लागलं, की माणूस घराबाहेर पडतो, समोर येईल त्या गाडीत बसतो आणि कुठेतरी उतरवला जातो. त्याची भाषा तिथे कुणाला कळत नाही. दाढी वाढते, कपडे फाटतात, आणि वर्षभरात तो ‘कुणीतरी’ होऊन जातो.

पनवेलहून कर्जतच्या गाडीत बसलं तर या ‘कुणीतरी’ला पुन्हा नाव मिळण्याची एक जागा आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याचं ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’. संस्था १९८८ची, कर्जतजवळ वेणगावच्या बाजूचं केंद्र २००६चं. काम सांगायला एका ओळीचं आहे: रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला उचलायचं, मोफत बरं करायचं आणि घरी पोचवायचं.

सुरुवात झाली ती एका करवंटीपासून. हे दोघं हॉटेलात बसले होते. समोर रस्त्यापलीकडे एक हडकुळा, केस वाढलेला तरुण करवंटी गटारात बुडवून ते पाणी प्यायला. दोघं उठले, त्याला आपल्या दवाखान्यात घेऊन आले आणि उपचार सुरू केले. तो बोलू लागला तेव्हा कळलं की पोरगा बी.एस्सी. झालेला, वर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतलेला. वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधीक्षक. आपण सभेत कुणाचा सत्कार करतो तो शाल आणि श्रीफळ देऊन. या संस्थेच्या वाट्याला आलं ते खोबरं काढून घेतलेलं श्रीफळ.

पुढे असाच एक जण सापडला, तो निघाला जे. जे. कला महाविद्यालयाचा अध्यापक. चित्रकारांनी मग आपल्यातल्या माणसाचं ऋण मानलं. शंभराहून जास्त कलावंतांनी प्रदर्शनासाठी चित्रं दिली, आणि त्या पैशातून संस्थेच्या दहिसरच्या केंद्राला हातभार लागला. कर्जतच्या मोठ्या केंद्रामागे प्रेरणा बाबा आमट्यांची.

खरी गंमत औषध लागू पडतानाची. चमत्कार वगैरे काही नसतो. पहिल्यांदा झोप येते. मग जेवणावर वासना येते. मग आंघोळीची, केस कापण्याची कटकट कमी होते. आवाज पुरते थांबायला कित्येक आठवडे लागतात. आणि मग मधेच कधीतरी तोंडून एखादा शब्द निघतो. बहुतेक वेळा तो गावाचा असतो. समजा तो म्हणाला, ‘रामपूर’. रामपुरं या देशात किती असतील! मग सुरू होते ती अस्सल पोलिसी चौकशी, फक्त प्रेमाने केलेली. जवळचं स्टेशन कोणतं? नदी आहे का? बाजार कोणत्या वारी भरतो? ठाणं कुठलं? बोलीचा हेल ओळखणारा माणूस शोधायचा, ठाण्याला फोन लावायचा, तिथून सरपंच, तिथून शेजारी. पत्ता पक्का झाला की तिकीट काढायचं. आरक्षणासाठी नाव आणि वय लागतंच. इतक्या वर्षांनी त्याचं नाव छापलेला हा पहिला कागद असू शकतो, असं मला आपलं वाटतं. सोबत संस्थेचा कार्यकर्ता जातो, पार घराच्या उंबऱ्यापर्यंत.

उंबऱ्यावर काय होत असेल? बेपत्ता माणसाची वाट किती बघायची, याचा हिशोब कायद्याने केलेला आहे. सात वर्षं काही खबर नसेल तर तो हयात नाही असं गृहीत धरता येतं. धर्मशास्त्राचाही वेगळा हिशोब आहे. ठरलेली वर्षं उलटली की पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा, तो पालाशविधी. म्हणजे अशा माणसाचं घरी श्राद्धही होऊन गेलेलं असू शकतं, आणि तो उभा राहतो ‘श्रद्धा’मधून येऊन. एका काना-मात्रेचा खेळ! पण आपले जुने शास्त्रकार मोठे धोरणी. मेला म्हणून क्रिया केलेला माणूस परत आलाच तर काय, याचीही तजवीज त्यांनी करून ठेवली: त्याला तुपाच्या कुंभातून काढायचं, जणू गर्भातून काढला, आणि जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे. नामकरणही आलंच. बायको जिवंत असेल तर तिच्याशीच पुन्हा लग्न. ही तजवीज कधीकाळी नुसती पोथीतली वाटली असती. कर्जतहून सुटणाऱ्या माणसांना ती शब्दशः लागू पडते.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच बारसं दुसऱ्या रीतीने करतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला ते सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी एक लाखाची देणगी दिली. तिथे वाढदिवस जन्मतारखेचा धरत नाहीत. व्यसन सुटलं त्या दिवसापासून वय मोजतात. पन्नाशीचा गृहस्थ ‘मी दोन वर्षांचा’ म्हणतो आणि समोरचे टाळ्या वाजवतात. असल्या टाळ्यांचा हेवा वाटावा, पुरस्कार समारंभातल्या टाळ्यांचा नाही.

तरी पुरस्कारही आला. २०१८चा मॅगसेसे डॉ. भरत वाटवानींना मिळाला, सोनम वांगचुक यांच्याच वर्षी. घरी पोचवलेल्यांचा आकडा तोवर सात हजारांवर गेला होता. इथे जरा जिल्ह्याचा अभिमान मिरवून घेतो. विनोबा भावे (१९५८) पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, चिंतामणराव देशमुख (१९५९) महाडजवळच्या नात्याचे, पांडुरंगशास्त्री आठवले (१९९६) रोह्याचे. तिघेही मॅगसेसेचे मानकरी, तिघेही रायगडचे. वाटवानी जन्माने इथले नसतील, पण काम कर्जतच्या मातीतलं, म्हणून चौथं नाव मी बिनधास्त लावतो.

आणि ते वेणगाव! नानासाहेब पेशव्यांचा जन्म तिथला. १८५७नंतर ते नेपाळकडे गेले आणि पुढे काय झालं ते कुणाला पक्कं कळलं नाही. इंग्रज वर्षानुवर्षं शोधत राहिले. १८७४मध्ये ग्वाल्हेरला एकाला नानासाहेब म्हणून धरलंही, पण ओळख पटेना. मराठी मुलखातला सगळ्यात प्रसिद्ध बेपत्ता माणूस जिथे जन्मला, तिथेच बेपत्ता माणसांची ओळख पटवायचं काम चालावं, हा योगायोग मला आवडतो. त्यातून अर्थ काही काढू नये.

घरी पोचवलं की गोष्ट संपली, असं मात्र समजू नये. स्किझोफ्रेनियाचं औषध बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावं लागतं. गावात ते मिळत नाही, मिळालं तर ‘आता बरा झालाय’ म्हणून घरचे बंद करतात, आणि माणूस पुन्हा स्टेशनच्या वाटेला लागतो. बायकांचं याहून अवघड. मुलगा परतला तर पेढे वाटतात, सून परतली तर ती इतके दिवस कुठे होती हे आधी विचारतात. २०१५–१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत असं आढळलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून कागदावर आहे. त्याची गोळी शेवटच्या उपकेंद्रात वेळेवर पोचणं, हा माझ्या लेखी मॅगसेसेहून मोठा सोहळा.

मनोरुग्णांना बांधून ठेवणाऱ्या साखळीची गोष्ट राहिली. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडीच्या एका आश्रमाला आग लागली. २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण त्यांना साखळदंडांनी बांधलेलं होतं. अमेरिकेत १९५३मध्ये मनोरुग्णालयांतल्या जुन्या बेड्या गोळा करून, वितळवून, त्यांची तीनशे पौंडांची घंटा ओतली होती. आपल्याकडे घंटा ओतली गेली नाही, कायदा मात्र झाला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीवर बंदी घातली. त्याच कायद्याचं कलम १०० तळोज्याच्या पुलाखालीही लागू आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य. कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरचे शोधायचे. म्हणजे मामाची खबर कुणीही पोलिसांना देऊ शकलं असतं. मीसुद्धा.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. गेल्या पावसाळ्यात त्याच खांबापाशी दुसरा कुणी येऊन बसला, डोक्यावर प्लास्टिकची गोणी. या वेळी मी थांबलो. नाव विचारलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि उलट मलाच विचारलं, ‘‘तुम्हारा?’’ मी सांगितलं. तो ते नाव बराच वेळ तोंडात घोळवत राहिला. स्वतःचं काही त्याला आठवेना. मी पोलीस ठाण्याचा नंबर शोधायला फोन काढला.