कढईपाशी तिसरं सत्र

पहाटे साडेचार

म्हशींना हिवाळी परीक्षेचं काही पडलेलं नसतं. अभ्यासाची सुटी लागली म्हणून आईने मला एवढीच सवलत दिली आहे की शेण मी काढायचं नाही. धार मात्र काढायची. सिपना नदीकडून येणारा गारठा गोठ्यातही शिरतो. म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं की तेवढीच ऊब. हात गुंतलेले, तोंड मोकळं, म्हणून या वेळेला मी पंचायत राजचं पाठ केलेलं म्हणून बघते. बलवंतराय मेहता समिती, 1957. वसंतराव नाईक समिती 1960 ला नेमली, 1961 ला अहवाल, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू. 73वी घटनादुरुस्ती 1992 ची, अंमल 24 एप्रिल 1993 पासून. पलीकडच्या म्हशीखालून आई विचारते, "हे सारं इचारतात का वं?"

तेच तर कोणाला माहीत नाही.

सहा

सफारीच्या जिप्सी निघायच्या आत आमचं हॉटेल उघडलेलं असावं लागतं. परतवाडा-धारणी रस्त्यावर सेमाडोहला टिनाचं छप्पर, चार बाकं, चहा, आलूबोंडे आणि रबडी. मेळघाटात येणारा माणूस वाघाला येतो आणि वाघ दिसला नाही की रबडी खाऊन समाधान मानतो. सकाळी मात्र फक्त चहा. गाईड आणि ड्रायव्हर उभ्याउभ्या पितात, पर्यटक कानटोप्या घालून बसलेले असतात. गल्ल्याजवळच्या खिळ्याला माझी वही अडकवलेली असते. दोन चहांच्या मध्ये एक परिच्छेद वाचून होतो.

मी बी.ए.च्या तिसऱ्या सत्राला आहे. आमचं विद्यापीठ संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. 1983 साली सुरू झालेलं, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचं. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागू झालं, आणि त्याच वर्षी मी प्रवेश घेतला. म्हणजे दर सत्राला आमचीच तुकडी पहिली. मामेबहिणीने तिच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा मला प्रेमाने दिला होता. त्यात मेजर-मायनर नाही, ओपन इलेक्टिव्ह नाही, भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर नाही. आता सत्राला 22 श्रेयांक मोजायचे. विषयाचं नाव तेच असलं तरी आतले घटक इकडचे तिकडे झालेले. गठ्ठा आजीने सुपाऱ्या बांधायला घेतला.

हे संकट सेमाडोहचं एकट्याचं नाही, अमरावती शहरातल्या मुलांकडेही तिसऱ्या सत्राचे जुने पेपर नाहीतच. फरक एवढाच की शहरात कुणाचे तरी काका प्राध्यापक असतात, ग्रंथालयात चार पोरं एकत्र बसतात, सर वर्गात बोलता बोलता "हे आयएमपी आहे" म्हणून जातात. ते बोलणं घाट चढून इथपर्यंत येत नाही.

सात

भट्टीवर कढई चढते. रबडीचं काम घाईचं नाही, पण सोडून जाण्यासारखंही नाही, आणि अभ्यासाला असं काम फार सोयीचं. दूध उकळलं की आच कमी करायची. वर साय धरू लागली की ती उलथण्याने अलगद सरकवून कढईच्या कडेला चिकटवायची. मग पुन्हा साय धरायची वाट बघायची. मध्ये मध्ये तळातून फिरवायचं, नाहीतर दूध लागतं आणि लागलेल्या दुधाचा वास साखरेनेही जात नाही. दूध आटून पिवळसर झालं, कडेला सायीचे थरावर थर बसले की साखर घालायची आणि कडेची साय खरवडून आत सोडायची. घोटायची नाही. साय मोडली तर ती बासुंदी झाली, गिऱ्हाईक चमचा घालताच ओळखतं.

एका सायीपासून दुसऱ्या सायीपर्यंतच्या वेळात मला एक टीप लिहून संपवायची असते. हा नियम मी स्वतःला घातला आहे, आणि त्यामागे कारण आहे. जुना पेपर हातात असला की लोकांना वाटतं त्याचा उपयोग प्रश्न ओळखण्यासाठी. तो असतोच, नाईक समिती एक वर्षाआड येते, हे कोणीही सांगेल. पण जुना पेपर खरं तर माप देतो. चार गुणांना किती लिहायचं, मोठ्या प्रश्नाला किती, पर्याय कशाला असतो, तीन तास कुठे संपतात, हे त्यातून कळतं. ते माप नसलं की हुशार मुलंही पहिल्या टिपेला चार पानं भरतात आणि शेवटचा मोठा प्रश्न तीन ओळींत गुंडाळतात. पहिल्या सत्राला आमच्या केंद्रावर घंटा झाली तेव्हा निम्मा वर्ग लिहीतच होता. प्रश्न अवघड नव्हते.

साडेनऊ

परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी थांबते. आज माझं काम त्या गाडीशी आहे. परतवाड्याच्या मैत्रिणीने झेरॉक्स काढून गाडीत दिल्या आहेत. कंडक्टरकाका खिडकीतून पुडकं बाहेर काढतात आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणतात, "हे घे वं पोरी, तुहा पेपर आला. फुटला का काय बाप्पा?" गाडी हसते. पुडक्यात अभ्यासक्रमाची चौदा पानं आणि सरांनी सांगितलेल्या मुद्द्यांचे तीन कागद.

हेच सगळं मोबाईलवर आलं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे दुपारी एखादी पीडीएफ उघडून बघावी. इथून धारणीच्या वाटेवर पुढे हरिसाल लागतं. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून त्याचं नाव सगळीकडे झालं. पण सेमाडोहला वीज गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते आणि फाईल अर्ध्यावर गोल गोल फिरत राहते. कागदाला घाट अडवत नाही. शिवाय महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे अगदीच अडलं तर मी स्वतः जाऊन येते. पण त्यात अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवशी कढई कोणी सांभाळायची हा प्रश्न राहतोच.

अकरा

दोन तास हक्काचे. हॉटेलवर बाबा, मी मागच्या पडवीत.

सरांचे तीन कागद आधी बाजूला ठेवते. सर तासिका तत्त्वावरचे, सत्र निम्मं सरल्यावर त्यांची नेमणूक झाली. त्यांनी धावतपळत जे सांगितलं ते त्यांचं ऋणच, पण ते मुद्दे आहेत, प्रश्न नाहीत. बाजारातलं गाईडही आणून पाहिलं. नव्या कव्हरात जुनंच पुस्तक. उरतो छापील अभ्यासक्रम. तो बहुतेक मुलं एकदा बघून ठेवून देतात. माझ्या मते नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, कारण पेपर काढणाऱ्याच्या हातातही तेवढंच असतं. त्याच्यासमोरही मागचा पेपर नसतो.

म्हणून एकेक ओळ घेऊन बसते. ओळ म्हणते, "पेसा कायदा: तरतुदी व अंमलबजावणी." पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा. या ओळीतून मोठा प्रश्न कसा निघेल? तरतुदी सांगून अंमलबजावणीतल्या अडचणी स्पष्ट करा. मधला? ग्रामसभेचे अधिकार लिहा. टीप? भुरिया समिती. एका वाक्याचा? कायदा कोणत्या वर्षीचा: 1996. प्रत्येक ओळीचे असे चार प्रश्न वहीत डावीकडे लिहायचे आणि उजवं पान उत्तराला मोकळं ठेवायचं. चौदा पानांतून वही भरत आली आहे. एका घटकाला किती तास शिकवायचे हे अभ्यासक्रमात दिलेलं असतं, तेही मी शेजारी लिहिते. ज्याला जास्त तास, त्यातून मोठा प्रश्न येण्याची शक्यता जास्त. हा अंदाज आहे, पण हवेतला नाही.

पेसाचं उजवं पान भरायला मला पुस्तक फारसं लागलं नाही. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात, म्हणजे तो कायदा आमच्या पायाखाली आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 ला केले, कायद्यानंतर अठरा वर्षांनी. अंमलबजावणीच्या अडचणींत पहिली अडचण हीच लिहिली. वनहक्काच्या प्रश्नाला उदाहरण पायविहीरचं. अचलपूर तालुक्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं गाव. 2006 च्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावाने उजाड रान पुन्हा उभं केलं आणि 2014 ला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. पेपर तपासणाऱ्याने गाईडमधलीच वाक्यं शेकडो वेळा वाचलेली असतात. त्यांच्यात हे पान वेगळं दिसेल.

दीड

ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ताक. मग भांडी.

दोन ते चार

गिऱ्हाइकी. "ताई, टायगर दिसतो का इकडे?" दिसतो. "कुठे?" जंगलात. रबडीच्या वाट्या भरता भरता काही वाचून होत नाही आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. दुपारी अभ्यास करणाऱ्याने गल्ल्यावर बसू नये, सुटे पैसे चुकतात.

साडेचार

आमचं विद्यापीठ भरतं. हॉटेलच्या मागच्या ओट्यावर आम्ही तिघं. एक माझी कोरकू मैत्रीण, तिचा विषय माझाच. दुसरा तिचा चुलतभाऊ, सफारीला गाईड म्हणून जातो, त्याचा भूगोल. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी पेपर काढून आणायचा, घडी घालून द्यायचा, रात्री घरी घड्याळ लावून सोडवायचा. दुसऱ्या दिवशी तपासणी. गुण देताना ओळखदेख नाही.

भूगोलाचे पेपर मी काढते आणि मला त्यातलं फार कळत नाही, म्हणून नकाशे विचारते. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्या काढ आणि त्या तापीला कशा मिळतात ते दाखव. तो डोळे मिटून काढतो, त्यातल्या दोन तर तो रोज जिप्सीतून ओलांडतो. मग विषुववृत्तीय हवामान विचारलं की अडतो.

मैत्रिणीचे पेपर सगळ्यात अवघड असतात. तिच्या घरी कोरकू बोलतात. ती मुंडा गटातली भाषा, मराठीशी नातं नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही. बाजारात हिंदी, शाळेत मराठी. पुस्तकातली मराठी तिला चौथ्या भाषेसारखी. त्यामुळे पुस्तकातली वाक्यं तिच्या तोंडी बसत नाहीत आणि ती पुस्तकाच्या भाषेत प्रश्न विचारत नाही. परवाच्या पेपरात तिने लिहिलं होतं: "माझा ढाणा मोठ्या गावापासून तीन किलोमीटरवर आहे. आमची ग्रामसभा वेगळी होऊ शकते का? का?" ढाणा म्हणजे मोठ्या गावाबाहेरची वस्ती. मी दोन दिवस अडले. "ग्रामसभेची व्याख्या लिहा" असं असतं तर पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले असते. शेवटी कायद्याचं चौथं कलम काढून वाचलं. पेसात गाव म्हणजे महसुली गावच असं नाही. आपल्या रूढी-परंपरेने कारभार चालवणारी वस्ती किंवा पाडाही गाव ठरू शकतो, आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. म्हणजे उत्तर "हो". तिने तपासताना बारापैकी सात गुण दिले. 2014 च्या नियमांत त्याची रीत काय ते मी लिहिलं नव्हतं, आणि तिला ते हवं होतं, कारण ढाण्यावर खरोखर तसा ठराव घ्यायचं चाललं आहे.

पाच वाजता दोन मुली येतात, पहिल्या सत्राच्या. आमचे पहिल्या आणि दुसऱ्या सत्राचे पेपर बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेले आहेत, ते मागायला. आम्हाला त्यांचा आता काही उपयोग नाही, पण या भागात ते फक्त आमच्याकडे आहेत. नेताना वहीत नाव लिहायचं आणि दोन दिवसांत परत. एका पोराने मूळ प्रतीवरच पेनाने उत्तरं लिहून आणली होती, तेव्हापासून मूळ प्रत देत नाही, झेरॉक्सच देतो.

सात

अंधार पडला की मैत्रिणीला ढाण्यावर सोडायला तिचा भाऊ आणि माझा दादा दोघं जातात. एकट्याने कोणी जात नाही. इथे बिबट्या गोष्टीतला नाही.

साडेसात ते साडेदहा

तिने दिलेली घडी उघडते. मोबाईल बंद, घड्याळ समोर. पूर्ण तीन तास लिहायचं, मध्ये उठायचं नाही. वीज गेली तर चार्जिंगच्या दिव्यावर. पहिल्या तासाला हात चालतो, दुसऱ्याला भरून येतो, तिसऱ्याला अक्षर बिघडतं, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. आज शेवटची टीप पाच मिनिटं शिल्लक असताना संपली. मागच्या आठवड्यात दीड प्रश्न राहत होता.

परीक्षा संपली की केंद्राच्या फाटकाशी छापील प्रश्नपत्रिका पायाखाली येताना मी दोनदा पाहिल्या आहेत. पाचही जिल्ह्यांतल्या आमच्या तुकडीला एवढंच सांगणं आहे: आपला पेपर सुटला की प्रश्नपत्रिका घडी करून घरी न्या, वर सत्र आणि विषय लिहा, आणि एक झेरॉक्स आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्या. धारणी रस्त्याला लागून कोणाचं येणं झालं, तर एक सेमाडोहच्या थांब्यावर टाका. आमच्या मागून येणाऱ्या मुलांना ती लागणार आहे.