विजयदुर्गाचा हेलियम आणि वृत्तपत्रांचे उत्तरदायित्व

ऑगस्ट महिन्याचा मध्य आला की विजयदुर्गाचे नाव वृत्तपत्रांतून हमखास झळकते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या किल्ल्यावरून सूर्याचे निरीक्षण केले आणि हेलियम वायूचा शोध लावला, अशी ही वार्ता असते. किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' त्याची साक्ष म्हणून दाखविले जातात. कोकणच्या भूमीचा हा गौरव वाचून कोणाही मराठी वाचकाचे मन सुखावावे, यात नवल नाही. मात्र या वार्तेला एकच उणेपणा आहे. ती खरी नाही.

१८६८च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. ग्रहणाचे महत्त्वाचे निरीक्षण केले ते आंध्रातील गुंटूर येथे, झान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने. लॉकियरने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, इंग्लंडमध्येच आणि ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील एका पिवळ्या रेषेचा मेळ पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी बसेना, म्हणून पुढे तिच्यासाठी 'हेलियम' या नव्या द्रव्याची कल्पना करण्यात आली. ते पृथ्वीवर सापडले १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत. लॉकियर विजयदुर्गास आला हे खरे. पण तो आला २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही. केवळ तीस वर्षांचे अंतर एका ओळीत पुसले जाते.

या चुकीत दैवाचा एक उपहासही दडला आहे. ज्याच्याविषयी वृत्तपत्रे वर्षानुवर्षे ही आख्यायिका छापीत आली, तो लॉकियर स्वतः संपादक होता. ब्रिटिश युद्धखात्यात कारकुनी करीत फावल्या वेळात आकाश न्याहाळणाऱ्या या माणसाने ४ नोव्हेंबर १८६९ रोजी 'नेचर' हे साप्ताहिक काढले. विज्ञानाची मोठी फलिते सर्वसामान्य जनतेपुढे ठेवावीत आणि शास्त्रज्ञांनाही एकमेकांच्या कार्याची वार्ता मिळावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. प्रकाशक मॅकमिलन यांनी सुमारे तीन दशके तोटा सोसून हे पत्र जगविले. परंतु त्याचा पहिला हेतू हळूहळू मागे पडला. शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांसाठीच लिहू लागले, आणि आज 'नेचर'चा मूळ निबंध वाचून समजेल असा सामान्य वाचक शोधूनही सापडणे कठीण. विज्ञान जसजसे वाढते, तसतशी त्याची भाषा लोकांपासून दुरावते. हे अंतर भरून काढणे हेच वृत्तपत्रांचे आणि मासिकांचे ऐतिहासिक कार्य होय.

या कार्याचा आरंभ इंग्लंडात आणि महाराष्ट्रात एकाच वर्षी व्हावा, हा योगायोग विलक्षण आहे. १८३२च्या मार्चअखेर लंडनमध्ये 'पेनी मॅगझिन' निघाले. 'उपयुक्त ज्ञानाचा प्रसार' हे ब्रीद असलेल्या एका मंडळीचे हे सचित्र साप्ताहिक वाफेच्या यंत्रावर छापले जाई आणि त्याची किंमत मजुरालाही परवडे. पहिल्याच वर्षात त्याचा खप दोन लाखांच्या घरात गेल्याचे प्रकाशक चार्ल्स नाइट याने नमूद केले आहे. त्याच वर्षी, ६ जानेवारीला, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले होते. एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी, अशी त्याची मांडणी होती. या मांडणीतच बाळशास्त्र्यांची दृष्टी प्रकट होते: जे ज्ञान इंग्रजी जाणणाऱ्यास उपलब्ध, ते मराठी वाचणाऱ्यास नाकारले जाऊ नये. बाळशास्त्री गणिताचे अध्यापक होते; कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढून भूगोल, इतिहास व शास्त्रीय विषयांना हक्काचे स्थान दिले. पुढे १८५० मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांच्या सभेने 'मराठी ज्ञानप्रसारक' सुरू केले आणि १८६७ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' अवतरले. या मंडळींपाशी पारिभाषिक शब्दांचे कोश नव्हते आणि वाचकवर्गही मूठभर होता. तरीही मराठीत विज्ञान सांगता येईल की नाही, या वादात कालहरण न करता त्यांनी ते सांगावयास आरंभ केला.

तथापि, विज्ञानाची वार्ता छापली म्हणजे विज्ञानाचा प्रसार झाला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १८३५च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या 'सन' या दैनिकाने एक लेखमाला छापली. विख्यात ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांना प्रचंड दुर्बिणीतून चंद्रावर रानरेडे आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसल्याचे तीत सांगितले होते. हर्शेल तेव्हा दूर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला होते. त्यांना या 'शोधा'ची गंधवार्ताही नव्हती. लेखमालेत शास्त्रज्ञाचे नाव होते, भिंगांची मापे होती, विद्वत्तेचा सगळा थाट होता. मात्र वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल असे काहीही नव्हते. तरी अनेकांनी ती खरी मानली.

याच्या नेमके उलट उदाहरण वीस वर्षांनी लंडनमध्ये घडले. ७ जुलै १८५५ रोजी मायकेल फॅरेडे टेम्स नदीतून आगबोटीने चालले होते. नदीच्या पाण्याची दुर्दशा पाहून त्यांनी पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ते लवकर बुडावेत म्हणून भिजविले आणि प्रत्येक धक्क्यावर पाण्यात सोडले. लख्ख ऊन असतानाही इंचभर खाली जाण्यापूर्वीच ते दिसेनासे झाले. फॅरेडे यांनी एवढेच 'टाइम्स'ला पत्राने कळविले. त्यात ना समीकरण होते, ना अवघड परिभाषा. ज्याला शंका असेल त्याने खिशातले कार्ड काढावे आणि नदीत टाकून पाहावे! तीन वर्षांनी, १८५८च्या उन्हाळ्यात, दुर्गंधीने पार्लमेंटच्या सभासदांनाही बसवेना, तेव्हा कोठे सांडपाण्याच्या भुयारी गटारांची मोठी योजना मार्गी लागली. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार. बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली होती. छापील पानाचे हे ऋण त्याने छापील पानावरच फेडले.

'सन'ची लेखमाला आणि फॅरेडे यांचे पत्र, या दोहोंतला भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्यात 'काय दिसले' एवढेच आहे. दुसऱ्यात 'कसे कळले' हेही आहे. विज्ञान लोकांपर्यंत पोहोचते ते या दुसऱ्या वाटेने.

महाराष्ट्रात ही वाट पुढच्या पिढ्यांनी बुजू दिली नाही. १९२८ मध्ये पुण्यात गो. रा. परांजपे प्रभृती अध्यापकांनी 'सृष्टिज्ञान' हे केवळ विज्ञानाला वाहिलेले मासिक उभे केले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर, हे मागाहून उघड झाले. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते, कारण कीर्तीकडे पाहून नव्हे, तर गुणांवरून कथेचा निवाडा व्हावा अशी त्यांची इच्छा होती. मोठ्या नावावर विसंबू नये, पुरावा पाहावा, हा विज्ञानाचा नियम त्यांनी प्रथम स्वतःलाच लावून घेतला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मराठी लेखनावर पोसलेल्या तीन पिढ्या मागे होत्या.

अशी परंपरा असूनही प्रसंग येतो तेव्हा समाज डगमगतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो या वार्तेने देशभर रांगा लागल्या. त्या वेळी काही शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून, ते मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरते, हे प्रत्यक्ष दाखविले. पृष्ठताण आणि केशाकर्षण हे शब्द त्या दिवशी शाळेच्या पुस्तकातून बाहेर पडले. फॅरेडेच्या कार्डाचीच ही पुनरावृत्ती होती. आता तर वार्ता पसरावयास छापखानाही लागत नाही. हातातील दूरध्वनी पुरतो. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, औषधापेक्षा अफवा वेगाने घरोघर पोहोचल्या, हे सर्वांनीच अनुभवले.

अशा काळात वृत्तपत्राने वेगात स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्याने थांबून विचारावे, पडताळावे आणि मग छापावे. दैनिकात राशिभविष्याला नित्य जागा असते. विज्ञानाला ती ग्रहण लागले अथवा यान उडाले तरच मिळते. हे प्रमाण बदलावयास हवे. प्राध्यापकांनीही मराठीत लिहिणे हे कमी प्रतीचे काम मानण्याचे सोडावे. बाळशास्त्र्यांना ते तसे वाटले नाही, नारळीकरांनाही नाही. आणि वाचकाने, विशेषतः शिक्षकाने, बातमी वर्गात नेताना 'हे कसे कळले?' असा प्रश्न मुलांना विचारावयास शिकवावे.

आरंभ विजयदुर्गापासूनही करता येईल. येत्या ऑगस्टात ओट्यांपाशी जमणाऱ्या मुलांना १८९८ हे खरे वर्ष सांगितले, तर त्यांचा अभिमान उणावणार नाही. एक संपादक सूर्याचा वेध घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडून कोकणच्या किनाऱ्यावर आला होता, ही सत्यकथाच आख्यायिकेहून अधिक गौरवाची आहे.