मूठ आवळा, सूर चढवा

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहून आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांत राबणाऱ्या मराठी तरुणांना सुट्टीसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. मूठ आवळली की हाताच्या स्नायूंत वीज उमटते. त्वचेवर ती जेमतेम एखादा मिलिव्होल्ट भरते. तिच्या जोरावर स्पीकरमधला सूर चढवायचा आणि उतरवायचा. लागतात ते आर्डुइनो हे छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, ईएमजीचा (स्नायूंतल्या विजेच्या मोजणीचा) अ‍ॅम्प्लिफायर आणि ईसीजीला चिकटवतात तसले तीन इलेक्ट्रोड.

सुरासाठी लागणारी साइन लहर बनवणे सोपे. एका आवर्तनाच्या २५६ किमती तक्त्यात भरून ठेवायच्या आणि तो तक्ता पुनःपुन्हा वाचायचा. वाचनाचा वेग वाढला की सूर चढतो.

अवघड आहे तो स्नायू. त्याचे असंख्य तंतू वेगवेगळ्या क्षणी पेटतात, त्यामुळे स्पीकरला थेट जोडला तर नुसती तडतड ऐकू येते. तिची बहुतेक ऊर्जा २० ते ५०० हर्ट्झमध्ये असते, म्हणून सेकंदाला निदान १००० वेळा मोजणी हवी. त्यात घरच्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळते. स्नायूवरच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक तेवढा वाढवला, की ती बरीच गळते. तिसरा इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर लावायचा.

मग ऋण किमती धन करून सरासरी काढायची आणि तिच्यावरून तक्ता वाचण्याचा वेग ठरवायचा. खरी कसोटी इथे लागते. सरासरी ५० मिलिसेकंदांची घेतली तर सूर थरथरतो. ३०० ची घेतली तर मूठ सोडल्यावरही तो रेंगाळतो आणि आपला वाटेनासा होतो. माझ्या मते थरथर पत्करावी, उशीर नको.

हात आणि कान यांची गाठ किती पक्की बसते, हे संशोधक जॉन बस्माजियन यांनी १९६३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले. स्वतःच्या स्नायूचे संकेत ऐकता-पाहता आल्यावर माणसे एकेक मोटर युनिट, म्हणजे एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले तंतू, हुकमी चालवायला शिकली. काहींनी तर त्यातून ढोलासारखे ताल काढले.

म्हणूनच हा प्रयोग मला नुसता खेळ वाटत नाही. पक्षाघातानंतर बोट हललेले दिसत नसले, तरी स्नायूत क्षीण वीज उमटत असू शकते. तो प्रयत्न रुग्णाला ऐकवता येतो. ईएमजी बायोफीडबॅक हा उपचार याच तत्त्वावर चालतो.

करून पाहाच. मात्र इलेक्ट्रोड अंगावर असताना लॅपटॉप चार्जरला जोडू नका, सगळे बॅटरीवर चालवा. पेसमेकर असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.