कारचं इंटिरिअर साफ करायचंय? स्वेटरचं लिक्विड वापरा!

कारच्या सीट आणि डॅशबोर्डसाठी मी वेगळा महागडा क्लीनर घेत नाही. स्वेटर धुवायला आणलेलं इझीसारखं सौम्य लिक्विड डिटर्जंट पुरतं.

हे का चालतं?
साध्या वॉशिंग पावडरमध्ये सोडा असतो, त्याने कापडाचा रंग उडू शकतो. सौम्य लिक्विडमध्ये सोडा नसतो, तरी घामाचा तेलकट थर सुटतो.

कसं वापरायचं?
१. १ लिटर पाण्यात १ चमचा लिक्विड. जास्त घातलं तर फेस काढताना नाकी नऊ येतात.
२. आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग जातो का बघा.
३. मायक्रोफायबर कापड घट्ट पिळून पुसा. सीटवर पाणी ओतू नका, पुढच्या सीटखाली एअरबॅगचं वायरिंग असू शकतं.
४. साध्या ओल्या कापडाने पुन्हा पुसा. साबण राहिला तर धूळ चिकटते.
५. दारं उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या, नाहीतर कुबट वास येतो.

टचस्क्रीनला मात्र हे पाणी लावू नका! मोबाइलसारखंच करा: स्क्रीन बंद करून कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच पुसा. बटणांवर थेट स्प्रे नको. आणि लेदर सीट असेल तर लेदर क्लीनरच वापरा.