कर्णाचे वकील

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ची एक जुनी प्रत होती. खाकी पुठ्ठा, आत तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी. कर्णावरच्या लेखापर्यंत पानं कोरी, आणि तिथं आलं की समासात रणधुमाळी. निळ्या शाईत कुणी लिहिलेलं, ‘बाईंना कर्ण कळलाच नाही.’ त्याखाली पेन्सिलीनं, ‘मग तुम्ही समजावा.’ पुढच्या पानावर हिरव्या शाईत नुसतंच ‘सूर्यपुत्राचा विजय असो’. आणि द्यूतसभेबद्दलच्या मजकुराशेजारी, दाबून लिहिल्यामुळे मागच्या पानावर उमटलेला एकच शब्द: ‘खोटं!’

तो शब्द माझा. १९८७ साल, मे महिना. ‘मृत्युंजय’ आठवड्यात संपवली होती. शेवटची पन्नासेक पानं माळ्यावर बसून, कुणी रडताना बघू नये म्हणून. त्याच तारेत ‘युगान्त’ हाती आलं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलं तर वर्गणी जप्त होत असे. पण अशिलाची अब्रू चव्हाट्यावर येत असताना वकिलानं गप्प बसायचं कसं?

ही दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी, १९६७ साली आली, हे मला फार उशिरा कळलं. एक लिहिलं होतं आजऱ्यात जन्मलेल्या, कोल्हापुरात शाळेत शिकवणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या शिवाजी सावंतांनी; दुसरं पुण्यातल्या, साठी ओलांडलेल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९६६मध्ये, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली होती. १९१९पासून चाललेलं काम. हजाराहून अधिक हस्तलिखितं श्लोकाश्लोकानं ताडून पाहिलेली. कर्वेबाईंनी याच आवृत्तीचा आधार घेतला. म्हणजे पुण्यात विद्वान कर्णाच्या अंगावरची एकेक झूल उतरवत होते, आणि कोल्हापुरात एक तरुण मास्तर त्याला नव्यानं शृंगारत होता. मराठी वाचकानं कुणाचा कर्ण उचलला, हे सांगायला नको.

सावंत काही पहिले वकील नव्हेत. कुसुमाग्रजांचं ‘कौंतेय’ हे नाटक त्यांच्या आधीचं. रणजित देसाईंची ‘राधेय’ नंतरची, १९७३ची. पण खटला लोकांपर्यंत नेला तो ‘मृत्युंजय’नं, आणि तो नेण्याची रीत आजही बघण्यासारखी आहे. कादंबरीत निवेदक सहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. आई, मित्र, बायको, धाकटा भाऊ, आणि वर साक्षात भगवंत. सहा साक्षीदार आणि सहाही बचाव पक्षाचे. द्रौपदीला पिंजऱ्यात बोलावलेलंच नाही. चौदाव्या वर्षी हे ध्यानात येणं शक्य नव्हतं. येत असतं तर मी माळ्यावर रडलो नसतो.

त्या काळात माझ्यासारख्यांची फौज होती. शाळाशाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत ‘मला भावलेला कर्ण’ हा विषय ठरलेला. आठ मिनिटं, सातव्या मिनिटाला घंटा. मी दहावीत असताना उतरलो होतो. कुळ दैवानं दिलं, पराक्रम माझा, अशा अर्थाचं कर्णाचं प्रसिद्ध वचन मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. घंटा झाली, मी छातीवर हात ठेवून ते म्हटलं आणि टाळ्या पडल्या. परीक्षकांत एक निवृत्त संस्कृत शिक्षक होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी बोलावून विचारलं, “बाळ, हे महाभारतात कुठल्या पर्वात आहे?” मी म्हटलं, “कर्णपर्वात.” ते हसले आणि म्हणाले, “शोधून काढ. सापडलं की मला पोस्टकार्ड टाक.” मला उत्तेजनार्थ मिळालं. त्या हसण्याचा राग पुढं कितीतरी वर्षं टिकला.

पोस्टकार्ड काही टाकता आलं नाही, कारण ते वचन महाभारतात नाहीच. ते भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकातलं, तिसऱ्या अंकातलं. कर्ण आणि अश्वत्थामा यांच्या भांडणात येतं. म्हणजे आमच्या बचावाचं सगळ्यात गाजलेलं वाक्य अशिलाच्या तोंडी एका दुसऱ्याच वकिलानं घातलेलं! भासाच्या नावावरचं ‘कर्णभार’ही त्याच बाजूचं, दहाव्या शतकातल्या कन्नड पंपकवीचा जीवही कर्णाकडेच ओढ घेतो. सावंतांना तर हे वकीलपत्र वारशानं आलेलं होतं.

वाक्य गेलं, मग प्रसंग जाऊ लागले. कर्ण धनुष्य उचलायला पुढं होतो आणि द्रौपदी भरसभेत म्हणते, सूताला वरणार नाही. कर्णाच्या बाजूनं यापेक्षा मोठा पुरावा नव्हता. द्यूतसभेत तो जे बोलला त्यामागं या अपमानाची धग होती, हा आमचा हुकमी युक्तिवाद. चिकित्सक आवृत्तीनं ते वाक्य मूळ संहितेतून काढून तळटिपांत नेऊन ठेवलं, कारण हस्तलिखितांचा पुरेसा आधार नाही. उलट स्वयंवरातले ब्राह्मण आपसांत म्हणतात, जे धनुष्य कर्ण-शल्यांसारख्यांना वाकवता आलं नाही ते या पोरसवदा ब्राह्मणाला काय वाकणार! द्रोणांनी त्याला दारातूनच हाकललं, हीही आमचीच भर. आदिपर्वात द्रोणांच्या शिष्यांच्या यादीत सूतपुत्र राधेयाचं नाव स्वच्छ आहे. पुढं द्रोणांनी नाकारलं ते फक्त ब्रह्मास्त्र.

घोषयात्रेचं तर आम्ही नावच काढत नसू. वनात गंधर्वांशी लढाई होते, कर्ण मोडक्या रथावरून उडी मारून विकर्णाच्या रथात चढून निघून जातो, आणि मागं दुर्योधन पकडला जातो. कोण हा विकर्ण? द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलायला उठलेला एकटा कौरव. त्याला पोरटं म्हणून गप्प बसवलं होतं ते कर्णानंच. व्यासांनी हा रथ मुद्दाम निवडला असेल की नाही, कोण जाणे. मला मात्र तो वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

फिर्यादी पक्षानंही कसर सोडली नाही. दाजी पणशीकरांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ असं पुस्तकच लिहिलं. माझ्या एका मित्रानं ते मला वाढदिवसाला दिलं, निव्वळ खोडी म्हणून. मी ते बरीच वर्षं कपाटात उलटं ठेवलं होतं. वाचलं तेव्हा पुरावे पटले, सूर पटला नाही. आरोपी दोषी आहे म्हणजे त्याच्यात काहीच नव्हतं, असं सिद्ध करायची घाई त्यात मला दिसली. पण हे म्हणणारा मी जुना वकील आहे, तेव्हा त्यातली थोडी वजावट करून घ्यावी.

लोकांनी तर या दोन्ही पक्षांना न विचारता तिसराच निकाल दिला. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ मी एकदा रात्री मैदानात सतरंजीवर बसून पाहिलं. पाच नवरे असताना द्रौपदीचं मन कर्णावर जडतं, आणि एका जांभळापायी तिला ते सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं. मैदान हसून हसून लोळत होतं, शेवटी गप्प झालं. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी पदराला डोळे पुसत म्हणाल्या, “बाई गं, सांगणार कुणाला!” त्या रडत होत्या द्रौपदीसाठी. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की कर्णाचा केवढा हा विजय. भरसभेत जिला वेश्या म्हटलं तिच्याच मनात त्याला जागा द्यायची, ही भरपाई कुणाच्या खिशातून चालली आहे, हा प्रश्न मावशींच्या त्या वाक्यामुळे मला पहिल्यांदा पडला.

मधल्या काळात, १९८८ ते ९०, रविवार सकाळचं महाभारत येऊन गेलं. पंकज धीरचा कर्ण आला, स्वयंवरातला नकार घराघरांत दिसला, आणि भांडारकरांची तळटीप कायमची हरली. त्यावर अधिक काय बोलायचं!

माझा कर्ण मला परत मिळाला तो उद्योगपर्वात. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि जन्माचं सत्य सांगतो: तू ज्येष्ठ पांडव, राज्य तुझं, द्रौपदीही तुझी. कर्ण नाही म्हणतो, आणि कारणं देतो ती घरगुती. राधेला मला पाहून पान्हा फुटला. तिनं माझं हगणंमुतणं काढलं. अधिरथानं माझं नाव ठेवलं, लग्नं लावली. आता मी त्यांच्या पिंडाला चुकू? आम्ही वकील जन्मभर ओरडत राहिलो की तो सूत नाहीच, खरा क्षत्रिय आहे, सूर्याचा आहे. आणि ज्याच्यासाठी ओरडत होतो तो माणूस, क्षत्रियपण आयतं हातात आलेलं असताना, सूतच राहणं पसंत करत होता. त्याचं हे म्हणणं आमच्या भाषणांत मावलं नव्हतं. देसाईंनी निदान कादंबरीला राधेचं नाव दिलं.

त्याच संवादात तो आणखी एक गोष्ट सांगतो. दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कठोर बोललो, त्याचा मला आता पश्चात्ताप होतो. सबब नाही, स्वयंवराचा उल्लेख नाही. आम्ही शेकडो पानं खर्चून ज्या गुन्ह्यातून त्याला सोडवत होतो, तो त्यानं दोन ओळींत कबूल करून टाकला होता. निर्दोष कर्णासाठी मी माळ्यावर रडलो होतो. या कर्णापुढं रडू येत नाही, पण पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागतं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा वाचनालयात डोकावलो. ‘युगान्त’ची ती प्रत बाद पुस्तकांच्या गठ्ठ्यात होती, सुतळीनं बांधलेली. ग्रंथपालबाईंनी सुतळी सोडून दिली. पानं पिवळी पडली होती, पण हिरवी शाई तशीच होती. माझ्या ‘खोटं!’खाली पेन्सिलीनं बारीक, वळणदार अक्षरात कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘सभापर्व बघ.’

मी पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘बघितलं. तू उद्योगपर्व बघ.’